चुन्याखालचे घोडेस्वार

तिसगावच्या पुढं आमचं गाव, आणि गावात यादवकाळातलं महादेवाचं देऊळ. काळ्या दगडाचं, बिनचुन्याचं. एका दगडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवून उभं केलेलं. सभामंडपाचे खांब तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल. गावाला याचं काडीचं कौतुक नव्हतं. दर शिवरात्रीआधी आम्ही खांबांना चुना फासायचो, पुढं पुढं ऑइलपेंट. थरावर थर चढत गेले.

त्या थरांखाली, डावीकडच्या दुसऱ्या खांबावर, सात घोडेस्वारांची रांग होती. डोळ्यांना दिसायची नाही, पण हाताला उंचवटे लागायचे. काचबिंदूनं वडिलांची नजर गेली, तरी ते काठी टेकत रोज देवळात जायचे. घोडे चाचपायचे, आणि तिथून सरळ पाच पावलांवर नंदी. घरात त्यांना न्हाणीपर्यंत हात धरून न्यावं लागे. देवळात मात्र ते कुणाला हात लावू देत नसत.

मी शहरात, सावेडीत, चित्रकला शिकवणारा मास्तर, म्हणजे गावाच्या लेखी शहाणा. तेच शहाणपण नडलं. गावच्या बैठकीत मी तावातावानं बोललो, "हा रंग म्हणजे पाप आहे. मूळ दगड दिसलाच पाहिजे." एक म्हातारबुवा म्हणाले, "आरं, हाय ते बरं हाय. कशाला उकरतो?" मी मनातल्या मनात त्यांना अडाणी ठरवलं. गावानं माझं ऐकलं. ऐकायला नको होतं.

रंग काढायचं काम एका ठेकेदाराला दिलं आणि देऊळ आठवडाभर बंद राहिलं. वडील घरी बसून दिवस मोजत होते. "आता घोड्यांचे लगामसुद्धा हाताला लागतील," असं मीच त्यांना सांगितलं होतं.

ठेकेदार पाण्यानं, ब्रशनं घासेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही, शाळेत परीक्षा चालू होत्या ना! त्यानं कॉम्प्रेसर लावून खांबांवर वाळू मारली. मी पोचलो तेव्हा रंग गेला होता आणि रंगासोबत घोडेही गेले होते. इतकी वर्षं त्यांना त्या चुन्यानंच सांभाळलं होतं. लोक मात्र खूश. "लई भारी दिसतंय, गुरुजी!" म्हणत त्यांनी मला शाल-नारळ दिला. मी तो घेतला. त्याची लाज अजून जात नाही.

वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले आणि मी गुपचूप मागोमाग गेलो. उंबरा ओलांडून ते खांबापाशी थांबले. आधी एक हात फिरवला, मग काठी टाकून दोन्ही. शेजारचा खांब चाचपला, परत आधीच्या खांबापाशी आले.

"कुनी हाय का?" ते म्हणाले. "मला जरा देवळात नेऊन सोडा. वाट चुकलो मी."

मी पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं. ते देवळातच उभे होते, हे मला अजून सांगता आलेलं नाही.