तीन स्टार्टर आणि बापट

किस्से म्हणजे ड्राइव्हवेच्या तोंडावरचा बर्फ. तुम्ही फावड्यानं शोव्हल करून आत जाऊन चहा टाकेपर्यंत रस्ता साफ करणारा प्लाऊवाला नवा ढीग लावून जातो! आमच्या इथल्या, कॅनडातल्या किचनर गावच्या चौकडीचं तसंच आहे. चौघंही म्हातारे, रिटायर. दातांचे डॉक्टर कर्णिक, गणिताचे प्रोफेसर सुळे, इंजिनियर बापट आणि मी, सातवी नापास वेल्डर. भांडण एकच: बेसबॉलमधलं आजवरचं सगळ्यात भारी रोटेशन कुणाचं?

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. बेसबॉलची मॅच जवळजवळ रोज असते, आणि रोज बॉल फेकला तर पिचरचा, म्हणजे तिथल्या बोलरचा, खांदा कामातून जातो. म्हणून चार-पाच जण पाळीपाळीनं मॅच सुरू करतात. ते स्टार्टर. त्यांची पाळी म्हणजे रोटेशन. एवढ्याशा गोष्टीवर शिकलेली माणसं वर्षानुवर्षं कशी भांडतात, हे बघायला म्हणून मी बसायला लागलो. आता मीच जास्त भांडतो!

*

कर्णिकांचं उत्तर ठरलेलं. "आपले चार स्पिनर!"

"अहो डॉक्टर, बेसबॉलचं चाललंय," सुळे म्हणाले.

"असू दे की! जगात तोड नव्हती त्यांना."

"चौघं एकत्र आख्ख्या आयुष्यात एकच टेस्ट खेळले!"

कर्णिकांनी कॉफी खाली ठेवली. "मग? एका वेळी सगळे खेळत नाहीत, त्यालाच रोटेशन म्हणतात ना?"



*

सुळे बाल्टिमोरच्या टीमवाले. तिथं एका सीझनला चौघांनी वीस-वीस मॅच जिंकल्या होत्या, हे ते दर शनिवारी सांगतात. मी अटलांटावाला. नव्वदच्या दशकात त्यांचे तिघं बॉल असा ठेवायचे, जशी वेल्डिंगची रेघ. जिथं पाहिजे तिथंच!

एकदा कॉफी शॉपमध्ये आवाज इतका चढला, की काउंटरवरची पोरगी धावत आली. "एव्हरीथिंग ओके, सर?"

"नो!" सुळे ओरडले. "ही सेज अटलांटा!"

पोरगी म्हणाली, "सो डज माय डॅड."

सुळे महिनाभर दुसऱ्या दुकानात कॉफी प्यायले. एकटेच!

*

बापटांचं तिसरंच. त्यांचं सगळं आयुष्य मॉन्ट्रियलशेजारी ब्रॉसार्डला गेलं, मॉन्ट्रियलच्या टीमवर जीव. चौऱ्याण्णव साली टीम सगळ्यांच्या पुढे होती, आणि खेळाडूंचा संप झाला. सीझन तिथंच बंद. पुढं टीमही उचलून अमेरिकेत नेली. मग वहिनी गेल्या, आणि बापट इकडे लेकीकडे राहायला आले.

"भारी रोटेशन मॉन्ट्रियलचं. चौऱ्याण्णवचं."

मी आपला तोंडावर बोलणारा. म्हटलं, "त्यांनी जिंकलं काय हो?"

"काही नाही. पण अण्णा, हरले का?"

*

मग बापटांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लेक शर्वरी सॉफ्टवेअरमध्ये, ती सारखी सुट्टी कुठून काढणार? आम्ही तिघांनी वार वाटून घेतले. सोमवार मी, बुधवार कर्णिक, शुक्रवार सुळे. एकाच्या वारी दुसऱ्यानं गाडी काढायची नाही, हा बापटांचा कायदा. "स्टार्टरला विश्रांती पाहिजे!"

हॉस्पिटलच्या दारापर्यंत गाडीत भांडण चालू. वर बापट आम्हाला मार्क द्यायचे. "अण्णाला स्पीड आहे, कंट्रोल नाही. सुळ्यांना कंट्रोल आहे, पण मॅच काही संपत नाही. आणि कर्णिक..." इथं जरा थांबायचे. "कर्णिकांना विंटर टायर घ्यायला सांगा."

*

ऑक्टोबरात सात मॅचच्या फायनलची सातवी, शेवटची मॅच बापटांच्या बेसमेंटमध्ये बसून पाहिली. कर्णिकांनी टीव्हीकडे बोट केलं. "हे बाकीचे स्टार्टर का तयार बसलेत? आज यांची पाळी नाही ना?"

"सातवी मॅच आहे, डॉक्टर," बापट म्हणाले. "जिंकलो काय, हरलो काय, उद्या मॅचच नाही. मग कुणाला कशासाठी राखून ठेवायचं?"

*

जानेवारीत एका रविवारी शर्वरीचा फोन आला. पोरगी एरवी आमच्याशी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मराठीत बोलली. "काका, बाबा म्हणतात आता पुरे झालं. उद्यापासून मशीनवर जाणार नाही. माझं ऐकत नाहीत."

मशीन बंद म्हणजे काय, ते सातवी नापासालाही कळतं.

सोमवार माझा. पिकअप घेऊन पोचलो, तर ड्राइव्हवेत कर्णिकांची गाडी आधीच उभी, इंजिन चालू. माझ्यामागून सुळे आले. पोरीनं तिघांनाही फोन केलेला. तिघं उतरलो. बेल वाजवली.

बापटांनी दार उघडलं. अंगात स्वेटर, पायात चपला. तिन्ही गाड्यांवरून नजर फिरवली.

"हे काय? आज वार कुणाचा?"

"सातवी मॅच," कर्णिक म्हणाले.

बापट दारातच उभे. घरात थंडी शिरत होती, पण दार लावेनात. मग भिंतीला धरून खाली वाकले, पायात बूट चढवले आणि आमच्यावर खेकसले,

"मूर्खांनो! तिघांनाही आजच वापरलंत, मग बुधवारी कोण?"