उघडे तळवे

दावीदराव गेल्याचे त्यांची मुलगी रूथ हिने मला एका सकाळी दारात उभे राहून सांगितले. "मास्तरकाका, बाबा गेले... हात उघडे होते." दुसरे वाक्य तिने का जोडले, हे रत्नागिरीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेर कोणास कळणार नाही. म्हणून हे लिहिणे.

दावीदराव मिशनच्या दवाखान्यात जखमा बांधीत. मरण त्यांनी जवळून आणि पुष्कळ पाहिले. मरताना माणूस काहीतरी घट्ट धरतो, असे ते सांगत. कोणी किल्ल्यांचा जुडगा, कोणी नुसती चादर. मूठ त्या घटकेला उघडत नाही, ती सवय आधी लागावी लागते, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या घरी दिवेलागणीला चटईवर बसून प्रार्थना होई, ती तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून. मंडळीत सर्व जण हात जोडीत. टोमणेही पडले. "दावीदराव, प्रार्थना करता की भीक मागता?" ते म्हणत, "मागत नाही हो, परत करतो." कारण रोज ते कशाचे तरी नाव घेत आणि ते देवाचे आहे, त्याने हवे तेव्हा न्यावे, असे म्हणत. घर, दृष्टी, परसातला फणस... मी एकदा म्हणालो, "छत्री काल परत केलीत, आणि आज तीच घेऊन आलात!" "परक्याची वस्तू आहे मास्तर, म्हणून तर जपून उघडतो."

तापाच्या साथीत त्यांचे दोन्ही मुलगे गेले. त्यांची नावे दावीदरावांनी पूर्वी प्रार्थनेत घेतली होती. साथीनंतरही प्रार्थना चालू राहिली. पत्नी मार्थाबाईंचे नाव आले. रूथचे आले नाही. "तेवढं एक राहिलं हो," मार्थाबाई म्हणत. "राहू दे," एवढेच उत्तर. अशी वर्षे गेली.

मग पोटात गाठ आली. डॉक्टरांनी काही लपविले नाही. मला चिंता होती ती एकच. इतक्या वर्षांची प्रार्थना आता पुरी पडते, की त्या एका नावापाशी अडते? एका सायंकाळी मी खाटेशी बसलो होतो. प्रार्थनेत दावीदरावांनी आपले शरीर परत केले आणि ते थांबले. उजवा हात मिटला होता. उशाशी बसलेली रूथ म्हणाली, "बाबा, मला मुठीत धरून किती लांब जाल? हात अवघडेल."

ते हसले. मग डोळे मिटून प्रार्थना पुढे चालविली. "रूथ तुझी आहे," ते म्हणाले, आणि बोटे सावकाश सुटली. माझ्या मते मरणाशी त्यांचा जो काही व्यवहार होता, तो तेव्हाच संपला. पुढच्या दिवसांत वेदना होत्या, भय नव्हते. बंदरावर आगबोटीचा भोंगा झाला की म्हणत, "ही आपली नव्हे."

परवा दिवेलागणीला मी त्या घरी गेलो. चटई तीच, त्यांची जागा मोकळी. रूथ म्हणाली, "आज बाबांचं नाव घेऊ." मार्थाबाईंनी डावा तळवा उताणा ठेवला, उजवी मूठ मिटलेलीच राहिली.

"होत नाही गो माझ्याच्यान."

"नसू दे, आई. उद्या पुन्हा बसायचंच आहे."

रूथने आपला उघडा तळवा त्या मुठीखाली धरला आणि प्रार्थना सुरू केली.