पायी केलेला वाढदिवस

फेब्रुवारी लागला आणि सुगतचा फोन आला. आधी अभ्यासाचं बोलला, मग मेसच्या वरणाबद्दल बोलला, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "आई, यावर्षी वाढदिवसाले मी गाडीत नाई येत."

"काहून?" दीपमालाने विचारलं.

"असंच."

पोरं 'असंच' म्हणाली की आईबापांनी काय समजायचं, हे अजून कुणाला उमगलेलं नाही. दीपमालालाही उमगलं नाही. "बरं बावा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि तव्यावरची भाकर करपवली.

दीपमाला तायडे एसटीत कंडक्टर. अकोट डेपो, पंधरा वर्षं नोकरी. ती लागली तेव्हा बाया कंडक्टर बोटावर मोजण्याइतक्या होत्या. पहिल्याच महिन्यात एका आजोबांनी तिच्याकडून तिकीट घ्यायला साफ नकार दिला. "कंडक्टर कोठी हाय?" म्हणत ते गाडीभर शोधत राहिले. दीपमालाने दोरी ओढून गाडी उभी केली आणि आपल्या सीटवर जाऊन शांत बसली. "आजा, कंडक्टर सापडला का सांगजा. मंग निंगू." पाच मिनिटांत अख्खी गाडी आजोबांवर उलटली. आजोबांनी तिकीट घेतलं, आणि उतरताना तिच्या हातावर दोन पेरूही ठेवले. अशी ही बाई. तिला रागवता यायचं, हसवता यायचं, फक्त सुट्टी मागता यायची नाही.

सुगतचा जन्म अकरा फेब्रुवारीचा. नवरा धर्मपाल कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, आणि फेब्रुवारीत जिनिंगमधल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. हिची नोकरी नवी, त्यामुळे रजेचं तोंडातून निघेना. सुगतच्या तिसऱ्या वाढदिवशी सकाळी ती ड्यूटीवर निघाली तर पोराने पदर म्हणून खाकी शर्टाचं टोकच धरलं आणि सोडेना. सासू चतुराबाईंनी बिस्किटं दाखवली, बैलगाडी दाखवली, काही उपयोग झाला नाही. शेवटी दीपमालाने त्याला कडेवर घेतलं आणि थेट गाडीत नेऊन बसवलं. अकोटवरून अंजनगाव, परतवाडा करत अमरावती, आणि परत. ड्रायव्हर नत्थुजी स्वभावाने तापट, पण त्या दिवशी त्यांनीही पोराला दोरी ओढू दिली. टण् टण् वाजली की गाडी सुटते, हे त्या पोराला तेव्हाच कळलं आणि त्याने ती पथ्रोटपर्यंत बारा वेळा वाजवली.

अंजनगावला कुणीतरी विचारलं, "बाई, पोरगं कोनाचं?" दीपमाला म्हणाली, "माहंच हाय. वाढदिवस हाय त्याचा." झालं! पानाची टोपली घेऊन चाललेल्या बाईने त्याच्या कपाळाला हात लावला, एका मास्तरांनी खिशातली पेन्सिल दिली, कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर अकरा फेब्रुवारीला सुगत शाळेला दांडी मारणार, दीपमाला पहाटे उठून डबाभर शिरा करणार, आणि मायलेकरं दिवसभर गाडीत. लोक हॉटेलात वाढदिवस करतात, कुणी मंगल कार्यालयात करतं. दीपमालाच्या पोराचा वाढदिवस बावन्न सीटच्या गाडीत व्हायचा, आणि पाहुणे दर थांब्याला बदलायचे.

पाचव्या वाढदिवसाची गोष्ट तर डेपोत अजून सांगतात. वलगावच्या अलीकडे तपासणी पथक चढलं. साहेबांनी सगळ्यांची तिकिटं पाहिली आणि तिकिटाच्या मशीनशेजारी बसलेल्या या पोराला सहज विचारलं, "किती वर्षांचा रे तू?" सुगत उभा राहिला, छाती फुगवली आणि गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "आजच पाच वर्षांचा झालो! काल चार होतो!" गाडी हसली. दीपमालाचा चेहरा मात्र उतरला. पाच झाले की अर्धं तिकीट लागतं, हे तिने रोज दहा आयांना भांडून सांगितलेलं. आणि शिऱ्यात वेलची टाकायला न विसरलेली ही बाई आपल्या पोराचं तिकीट काढायला विसरली होती! साहेबांचाही नाइलाज होता. नियमाप्रमाणे मेमो मिळाला. पुढे वर्षभर डेपोत जो तो विचारायचा, "काय दीपमालाबाई, पोराची जयंती कधी हाय? तपासनीसाले बलावता का?" तीही हसायची. तेव्हापासून अकरा फेब्रुवारीला मशीनमधून पहिलं तिकीट सुगतचं निघायचं, मग बाकीच्या जगाचं.

हे सगळं आठवायचं कारण असं, की यंदाच्या अकरा तारखेला त्याची सीट रिकामी होती. सुगत आता अकरावीला, अमरावतीच्या वसतिगृहात. आज सतरा पूर्ण. गेल्या वर्षापर्यंत, दहावीत असूनही, तो आला होता. तिच्या मागच्या खिडकीशी गुडघे आखडून बसला होता, ओठावर मिशीची रेघ, आणि तरी आला होता. दीपमालाने सवयीने डबाभर शिरा करून घेतला. त्या सीटवर अंजनगावला एक जाडजूड गृहस्थ येऊन बसले, तर तिला उगाचच त्यांचा राग आला.

परतवाड्याला चहा पिता पिता नत्थुजी म्हणाले, "मोठं झालं पोरगं, बाई. त्याच्या दोस्तायनं पाह्यलं असन तुले. आता खाकीची लाज वाटत असन त्याले. माह्या पोराचंबी असंच झालं. मी शाळेत गेलो का तो दुसऱ्या दरवाज्यानं निंगून जाय."

नत्थुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दीपमालाने अर्धा चहा तसाच ठेवला. या खाकीवर तिने ऊन काढलं, भांडणं काढली, पोराची फी काढली. कुणी काही बोललं तर ती तिथल्या तिथे उत्तर द्यायची. पण पोटच्या पोराला लाज वाटत असेल तर त्याला काय उत्तर द्यायचं? आसेगाव गेलं, वलगाव गेलं, तिने तिकिटं दिली, सुटे दिले, एका म्हाताऱ्याला हाताला धरून उतरवलं, आणि डोक्यात एकच घोळत राहिलं. खरंच लाज वाटत असेल का?

अमरावतीच्या स्टँडवर गाडीला पाऊण तास थांबा होता. सुगत फलाटाच्या टोकाला उभा होता. एकटाच. दोस्त कुणी सोबत नव्हते, आणि ते पाहून तिच्या मनातली शंका अजूनच पक्की झाली. तो वाकून पाया पडला. तिने त्याला बाकावर बसवलं, डबा हातात दिला. आणि मग तिला राहवलं नाही.

"सुगत, मले खरं सांग. माह्या खाकीची लाज वाटते काय तुले?"

त्याने डबा मांडीवर ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "आई, मले गाडी लागते."

"म्हंजे?"

"म्हंजे उलटी होते. लहानपणापासून. अंजनगाव आलं का पोटात ढवळाले लागते."

दीपमालाला आधी हसूच आलं. कारण गाडी कुणाला लागणार हे ती माणूस चढतानाच ओळखायची. चेहरा पाहून खिडकी द्यायची, पिशवी द्यायची, लिंबू द्यायची. डेपोत तिची ख्याती होती. आणि हे पोरगं म्हणतंय, चौदा वर्षं...

"नाई रे. तू तं खिडकीत बसून पाह्यत राहे. मी सगळ्यायले सांगो, माह्या पोराले खिडकीचा लय शौक हाय म्हनून."

"हवा लागाले पाह्यजे म्हनून बसो मी तिथं. अन् तू परतवाड्याले नोंद कराले कंट्रोलरकडे गेली का मी स्टँडाच्या मांगं जाऊन उलटी करून ये. मंग तोंड धुऊन बसो."

तिच्या डोळ्यांसमोर एकेक वर्ष उलटं फिरू लागलं. सातवा वाढदिवस, पोरगं भिंतीसारखं पांढरं, आणि ती म्हणाली होती, थंडी वाजते काय? दहाव्याला तिची ड्यूटी चिखलदऱ्याची होती. घाटातल्या त्या वळणांवर तो डोळे मिटून तिच्या दंडाला धरून बसला होता, आणि तिला वाटलं होतं, झोप आली असेल. दर वर्षी शिऱ्याचा डबा तसाच घरी यायचा, आणि ती सासूला सांगायची, वाढदिवसाच्या आनंदात पोरगं जेवतच नाही. संपाच्या वर्षी गाड्या बंद, म्हणून वाढदिवस घरी झाला, तर याने तीनदा शिरा मागून घेतला होता. त्या वेळी तिला त्याची कीव आली होती, बिचाऱ्याचा गाडीतला वाढदिवस हुकला म्हणून.

"मंग येत काहून होता रे तू?" तिचा आवाज फुटला. "एक डाव बोलला असता!"

"बोललो असतो तं तू मले घरी ठेवलं असतं." सुगत फलाटावर आलेल्या गाडीकडे बघत बोलत होता. "एऱ्हवी मी उठाच्या आंधी तू निंगून जाय, अन् आली का थकून झोपून जाय. त्या एका दिवशी तू सकायपासून संध्याकायपर्यंत दिसे. म्हनून ये मी."

दीपमालाला रडू कोसळलं. भर स्टँडवर, खाकी शर्टात, गळ्यात मशीन अडकवलेल्या बाईला असं रडताना पाहून दोन प्रवासी थांबले, आणि काही वेगळंच समजून पुढे गेले.

"यावर्षी वाटलं," सुगत चाचरत म्हणाला, "तू एखांद्यावेळी इथं थांबशीन. पन तुले सुट्टी माग म्हनाची हिंमत नाई झाली."

तोपर्यंत नत्थुजींनी हॉर्न दिला होता. गाडी तर सोडता येत नव्हती. तिने डोळे पुसले, पोराच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत चढली. परतीच्या वाटेवर नत्थुजींनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "तुमचं खोटं निंगालं, एवढंच." अकोटला उतरल्यावर ती घरी गेली नाही. आधी ऑफिसात गेली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा पोराच्या वाढदिवसासाठी रजेचा अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं, इथे ती बराच वेळ अडली. मग लिहिलं, 'मुलाचा वाढदिवस.' बाबूने तारीख पाहून विचारलं, "वाढदिवस तं आज होता ना?" ती म्हणाली, "आज नाई झाला."

पुढच्या मंगळवारी ती अंगावर निळं लुगडं, हातात शिऱ्याचा डबा आणि पायात साध्या चपला घालून अमरावतीला उतरली. दोघांनी ठरवलं होतं, आज कशातच बसायचं नाही. ऑटोत नाही, सिटीबसमध्ये नाही. राजकमल चौकातून निघाले, गांधी चौकात भजी खाल्ली, रमतगमत छत्री तलावापर्यंत चालत गेले. दीपमालाला चालायची सवय नव्हती. पंधरा वर्षं ती चालत्या गाडीत उभी होती, पण रस्त्यावर तिचे गुडघे बोलू लागले. तर पोरगं तिच्यासाठी दर दोन चौकांनी थांबायचं. तो बोलत होता, वसतिगृहातल्या पोरांबद्दल, न जमणाऱ्या गणितांबद्दल, एका मुलीबद्दलसुद्धा अर्धं वाक्य बोलला आणि गप्प झाला. तिनेही विचारलं नाही. एवढं त्याचं बोलणं तिने गाडीत कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कशी? मळमळ दाबून धरलेलं पोरगं तोंड उघडत नसतं.

संध्याकाळी पाचच्या अकोट गाडीला तो तिला सोडायला आला. वसतिगृहातली तीन पोरंही वाटेत भेटून सोबत आली होती. गाडीला ही गर्दी! दारातला कंडक्टर नवा होता, कुठल्या तरी दुसऱ्या डेपोचा, वयाने पंचवीसचा असेल. "मांगं सरका, जागा नाई," तो ओरडत होता. दीपमाला आपली मुकाट्याने रांगेत उभी राहिली. आज ती प्रवासी होती.

तेवढ्यात सुगत गर्दीतून पुढे घुसला. दोस्त मागेच होते, सगळा फलाट ऐकत होता, आणि तो त्या कंडक्टरला मोठ्याने म्हणाला, "भाऊ, इकडं पाहा. हे माही आई हाय. आकोट डेपोची कंडक्टर हाय, पंधरा वर्षांपासून. दिवसभर चालून पाय दुखून राह्यले तिचे. तिले बसाले जागा द्या."