चांगल्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली ती माझ्याच आईनं. देशमुखीणबाई आम्हाला शिवत नव्हत्या. त्यांनी लांबूनच चिंधी फेकली. म्हणाल्या, "तूच बांध गं. आमचा बाळ बघून राह्यला."

निजामाचं राज्य होतं. गाव कुंभार पिंपळगाव. आई त्यांच्या गोठ्यात शेण काढायची. नऊ वर्षांची मी तिच्यामागं. माझा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडं वळलेला. तो गरागरा फिरवून दाखवला की देशमुखांच्या बायका हसायच्या, शिळा तुकडा टाकायच्या. नटी होते मी, पोटावारी.

त्यांच्या चार वर्षांच्या नातवाचा डोळाही तसाच. पण त्याच्यासाठी जालन्याहून डोळ्यांचा डॉक्टर आला होता. तो म्हणाला, चांगला डोळा रोज झाका, म्हणजे दुसरा कामाला लागेल. बाळानं पट्टी ओढून फेकली. मग त्याला नमुना दाखवायला मी.

पट्टी बसली आणि अंगण गेलं. नुसता धुरकट उजेड.

"चाल," बाई म्हणाल्या.

चालले. दावणीला अडखळून तोंडावर शेणात पडले. बाळ खदखदून हसला. मग सगळेच.

"आजून," बाळ म्हणाला.

मी आजून पडले. वर हसलेही. एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते.

डॉक्टर हसला नाही. त्यानं लांबूनच बोटं धरली. "किती?" बोटं कुठली, मला हातच दिसेना.

"हिचा डोळा गेला," तो बाईंना म्हणाला. "बाळाएवढी असताना आणली असती तर वाचला असता."

"चला," बाई म्हणाल्या, "आपला तरी वक्तावर सापडला."

आई शेणाची पाटी धरून उभी होती. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. माझ्याशिवाय बाळ पट्टी बांधू देईना. मी म्हणाले, "बाई, मी न्हाई पडणार. आज तुम्हीच पडून दाखवा."

आईनं तिथंच मला बडवलं. तिचं काम गेलं. बाळाला पुढं पट्टीची सवय झाली, त्याचा डोळा सुधारला.

आता आमच्या वस्तीत पोर तीन वर्षांचं झालं की मी त्याचा एकेक डोळा तळहातानं झाकते. एक डोळा झाकला तर गप बसतं, पण दुसरा झाकला की जे माझा हात ओढून काढतं, त्याला उचलून जालन्याला नेते. आई-बाप रडोत, नाहीतर शिव्या देवोत.

परवा देशमुखांची सून आली. मला मावशी म्हणाली. "घरी येऊन आमच्या पोरीला बघता का? गाडी धाडते."

"पोरीला इथं आणा," मी म्हणाले. "रांगेत बसा. तिलाबी बघीन. पण आधी आमची."