खालच्या खणाची चाकं

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. शिकायलाही फारसे गेले नव्हते. तरी आसपासच्या पाच-सहा रस्त्यांवर मास्तर म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राही. काटकुळा, कानावर पेन्सिल, खांद्याला पिशवी, आणि जिना चढताना दर मजल्यावर थांबून गुडघ्यांना शिव्या घालणारा. जातीचा सुतार माणूस, पण खऱ्या लाकडाला त्यांचा हात लागून वर्षं लोटली होती. लोकांच्या घरात आता लाकूड उरलंच कुठे होतं? खोक्यातून येणारी कपाटं आली होती. भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर लाकडाचं चित्र छापलेला कागद, सोबत स्क्रूंची पुडी. नवरा-बायकोने सुट्टीच्या दिवशी भांडत भांडत जोडायची, आणि तीन वर्षांनी खण तोंड वासून लोंबायला लागला की मास्तरांना हाक मारायची.

"हे फर्निचर नाही हो, बिस्किट आहे," मास्तर म्हणत. "चहात पडलं की संपलं."

म्हणत आणि तरी त्याच बिस्किटावर जीव लावून काम करत. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंदात बुडवलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोकत, सुकू देत, वरून कापत, मग नवा स्क्रू असा हळुवार फिरवत की जणू झोपलेल्या बाळाच्या कानात तेल घालताहेत. पण त्यांची खरी ख्याती होती ती अदलाबदलीची.

खण ज्या दोन पत्र्याच्या पट्ट्यांवर मागेपुढे सरकतो त्यांना चॅनेल म्हणतात, आणि त्या चॅनेलला नखाएवढी प्लास्टिकची पांढरी चाकं असतात. कपाट चार खणांचं असलं तरी संसार सगळा चालतो वरच्या खणाच्या जिवावर. चष्मा, किल्ल्या, औषधं, मोजे. त्याची चाकं झिजून चपटी होतात. सगळ्यात खालच्या खणात मात्र असते जुनी चादर आणि बिघडलेली इस्त्री. वर्षातून दोनदा उघडला तर उघडला. त्याची चाकं कोरी करकरीत. मास्तर खालचे चॅनेल काढून वर लावत आणि वरचे झिजलेले खाली. वरचा खण लोण्यासारखा सरके. "खालच्याचं काय," ते हात झटकत म्हणत, "जरा उचलून ढकलायचा. त्याला कोण विचारतंय?" आणि बायका म्हणत, माणूस प्रामाणिक हो, उगाच नवीन गळ्यात मारत नाही.

मास्तरांना एक मोठी बहीण होती. आई गेली तेव्हा मास्तर चार वर्षांचे आणि ताई तेरा. तिने दप्तर खुंटीला टांगलं ते कायमचं, आणि भावाला कडेवर घेतलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा मोठ्या पगारावर दूर राहायला गेला. तिच्या भाड्याच्या दोन खोल्या मात्र तिने सोडल्या नाहीत. खिडकीत बसून ती रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या चालीवर शेरे मारी. दमा होता, गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

त्या वर्षी ती दोनदा पडली. दुसऱ्या वेळी मुलगा आला आणि त्याने स्पष्टच सांगितलं, "आई, आता आणखी एकदा जरी पडलीस ना, तर मी काही ऐकणार नाही. तिकडे."

तिकडे म्हणजे वृद्धाश्रम. त्या घरात कुणी तो शब्द उच्चारत नसे.

"तिकडे तुझी सासू आधी जाऊ दे," ताई म्हणाली. "तिला सोबत आवडते."

मुलगा हसला, पण बोलणं मागे घेतलं नाही. जाता जाता त्याने मास्तरांना बाजूला घेतलं. "मामा, तेवढा तिचा पलंग खाली करून द्या. पाय कापा. आणि उशाशी ते कपाट आहे ना, त्याचा वरचा खण अडतो, ती हिसके मारत बसते. तेवढं केलंत तर राहील बिचारी इथे."

दुसऱ्याच दिवशी मास्तर हजर. पिशवीत नव्या चॅनेलची एक जोडी होती, पण ती पलीकडच्या रस्त्यावरच्या वकीलबाईंच्या कपाटासाठी. त्या सायंकाळी वाट पाहणार होत्या आणि शब्द दिलेला होता. हे तर काय, घरचंच काम. मास्तरांनी चारही खण जमिनीवर मांडले. वरची चाकं चपटी, खालची कोरी. हात सवयीने चालले. तासाभरात वरचा खण बोटाने ढकलला तरी आत जाई.

"बघ," मास्तर म्हणाले.

"बघितलं. लहानपणी नाक पुसता येत नव्हतं तुला," ताई म्हणाली, पण खण तिने तीनदा उघडून बंद केला. मग विचारलं, "आणि खालचा?"

"खालचा जरा उचलून ढकलायचा. त्यात आहे काय तुझं?"

"काही नाही. शालू आहे."

"मग झालं तर."

जेवणं झाली. दुपारी मास्तरांनी पलंग आडवा केला आणि करवत घेतली. चारही पाय वीतभर कापले, खाली रबराच्या टोप्या बसवल्या. ताई पलंगावर आडवी झाली, आणि तिने उजवा हात सहज लांब केला. हात खालच्या खणाच्या मुठीवर पडला.

"राणीसारखी झोपले बघ," ती म्हणाली. "सगळं हाताशी."

मास्तर हसले. तो हात कुठे पडला हे त्यांनी पाहिलं, अगदी डोळ्यांनी पाहिलं. पण सकाळचं काम सकाळी संपलं होतं. वकीलबाईंकडे उशीर होत होता.

चार दिवसांत कामवालीने ताईचा दम्याचा पंप, चष्मा, फोन, सगळं वरून काढून खालच्या खणात ठेवलं, कारण आता पलंगावरून वरपर्यंत हातच पोचत नव्हता. आठव्या दिवशी दुपारी ताईला धाप लागली. तिने पडल्या पडल्या खण ओढला. तो अर्धा आला आणि तिरका होऊन अडकला. उचलून ओढायला दोन हात लागतात, आणि अंगात बळ. ती उठली, वाकली, दोन्ही हातांनी तिने हिसका दिला. खण एकदम सुटून बाहेर आला आणि त्याच्याबरोबर ती मागे कोसळली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात जायच्या आधी मास्तर कपडे घ्यायला तिच्या खोलीवर गेले. खण जमिनीवर उपडा पडला होता. त्याच्या बाजूचं चपटं चाक वर आलं होतं. मास्तर त्याच्यासमोर बसले. ते चाक काय सांगत होतं हे वाचायला त्यांना दुसरं कुणी लागत नव्हतं. मग त्यांनी खण उचलला, जागेवर बसवला आणि जरा उचलून आत ढकलला.

दवाखान्यात भाचा कपाळाला हात लावून बसला होता. "कशी पडलीस गं?"

"गेला तोल," ताई म्हणाली. तिने मास्तरांकडे पाहिलं. "म्हातारी बाई, पडायचीच."

"मी म्हटलं होतं ना?"

त्या क्षणी बोलायचं होतं. ती पडली नाही रे, माझ्या खणाने पाडली. तिचे पाय नाही, माझे हात चुकले. एवढंच वाक्य होतं. मास्तरांच्या ओठांवर आलंही. पण बाजूच्या खाटेपाशी त्यांच्याच रस्त्यावरची एक बाई बसली होती, जिच्या तीन कपाटांची अदलाबदल त्यांनी केली होती. ती आदराने म्हणाली, "मास्तर, बहीण का तुमची?" आणि मास्तर म्हणाले, "हो." पुढचं वाक्य गिळलं गेलं. मग उद्या, मग परवा. हाड जुळू दे, मग सांगू. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी ते भाच्याच्या घरी गेले आणि दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगून टाकलं. चाकं, अदलाबदल, कापलेले पाय, पिशवीतली नवी जोडी, सगळं.

भाचा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मामा, मग तिचा तोल गेलाच नव्हता?"

"नाही रे."

"हे त्या दिवशी बोलला असतात तर मी नवीन कपाट आणलं असतं. दिवसभराची बाई ठेवली असती." त्याने चष्मा काढून पुसला. "खोल्यांच्या किल्ल्या काल मालकाला दिल्या. तिचं सामान तिकडे पोचलं. कपाट कुणालाच नको होतं, भंगारवाला घेऊन गेला."

तिकडे लांबलचक खोली होती, आठ खाटा, प्रत्येकीशेजारी एक लोखंडी स्टूल. ताईची खाट मधली. दोन्ही टोकांच्या खिडक्या तिच्यापासून लांब. मास्तर स्टुलावर बसले. सांगायचं ते इतक्या वेळा मनात घोळलं होतं की आता शब्द भराभर आले. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पडले तेव्हा ते चाक माझ्या नाकासमोरच होतं. तुझी बहीण आहे मी. झिजलेलं कोरं मलाही कळतं."

"मग तू का नाही बोललीस? तोल गेला का म्हणालीस?"

"तुझ्या तोंडून यावं म्हणून. रोज यायचास दवाखान्यात. रोज वाटायचं, आज बोलेल." तिने चादरीची कड सारखी केली. "एवढंसं होतास तेव्हा काच फोडलीस की आधी माझ्याकडे धावत यायचास सांगायला."

मास्तरांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तिचा हात चादरीखाली घेतला. झिडकारून नाही, थंडी वाजावी तसा.

"आता ये तू," ती म्हणाली. "पाचला दार बंद करतात इथे. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्याशी काही खरं बोलायची घाई करू नकोस. इथे मला वेळच वेळ आहे."