पन्नास मिनिटांचं विमान

देवरामला कुणी दोन गावांमधलं अंतर विचारलं की तो किलोमीटरवर थांबत नसे, लगेच मिनिटंही सांगायचा. एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर म्हणून खिडकीत बसून गाड्या सोडल्या, रिटायर होऊन मुरबाडला घर बांधलं, तरी सवय सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

त्या खिडकीशी डोळखांबकडच्या पाड्यावरची म्हातारी बुधी यायची. डोक्यावर रिकामी पाटी आणि तोंडात एकच प्रश्न. "टाइम नको सांगू रे. गाडी येनार का नाय, तेवढं सांग. नाय तं मी चालत निघते."

"येईल गो, बस," देवराम म्हणायचा. गाडी यायची नाही हे ठाऊक असलं तरी 'नाय' म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. बुधी तासन्‌तास बसून राही आणि मग त्याचा उद्धार करत पायीच निघे.

यंदा त्याच्या मुलीचं, दिशाचं लग्न ठरलं. तिची आई वत्सला जाऊन तीन वर्षं झाली होती. आईकडचं माणूस उरलं होतं एकच, मामा. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि दिशाचा मामा जगदीश लेहला रस्त्याच्या कामावर डंपर चालवत होता. "मामाला चार दिस आधी बोलव," दिशाने बापाला दहादा सांगितलं.

बापाने हिशेब मांडला. "लेह ते श्रीनगर अडीचशे किलोमीटर, विमानाने पन्नास मिनिटं. आपल्याला इथून कल्यानला त्याहून जास्त लागतात. हळदीच्या सकाळी निघाला तरी संध्याकाळी मांडवात. एक चुकलं तर दुसरं धरेल. कशाला फुकट रजा घालवायची?" आणि जगदीशलाही त्याने तसंच बजावलं. जगदीशने बिचाऱ्याने ऐकलं.

हळदीच्या सकाळी जगदीशचा फोन आला. "भावजी, बर्फ पडतोय. विमान उडालं नाय."

"मग दुसरं धर."

"दुसरं कुटलं? आता उद्याच."

"जादा सोडत नाय का?"

"भावजी, एसटी हाय का ती?"

देवरामने पत्रिकेच्या पाठीवर नव्याने मिनिटं मांडली. लग्न उद्या गोरज मुहूर्तावर. आठला सुटलं, नऊला श्रीनगर, पुढचं मुंबईचं विमान... बसत होतं! "येईल," त्याने दिशाला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी नऊ वाजता पुन्हा फोन आला. आजही बर्फ, आजही विमान नाही. देवराम मांडववाल्यावर खेकसला, आचाऱ्यावर ओरडला. पन्नास मिनिटं! नुसती पन्नास मिनिटं, आणि माणूस दोन दिवसांत जागचा हलत नाही! खरा राग स्वतःवरच होता, पण तो काढणार कुणावर?

गडबड ऐकून दिशा बाहेर आली. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. त्याने घाईघाईने पत्रिका उलटी केली. "हे बघ, अकराला जरी सुटलं ना, तर..."

"बाबा, टाइम नको सांगू," ती म्हणाली. "मामा येनार का नाय, तेवढं सांग. नाय तर मी एकटी उभी राहते."

'येईल' अगदी ओठांवर आलं होतं. देवरामने पत्रिका खिशात घातली.

"नाय येनार, पोरी," तो म्हणाला. "माझ्यामुळं."