काकांची हरकत

चर्चमध्ये लग्न लागताना पाळकसाहेब मंडळीला विचारतात, या विवाहाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर कायमचे गप्प राहा. त्या वेळी आजवर तुम्ही जे गप्प बसलात, ते संमती होती म्हणून, की पुढे जेवण होतं म्हणून?

चिडवायला विचारत नाही. आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. तो विचारला की कोणीतरी खोकतं, पंखा कुरकुरतो, नवरीची आई हातातला रुमाल पिळते आणि पाळकसाहेब पान उलटून पुढे जातात. उत्तर कोणी देत नाही. मी एकदाच ऐकलं आणि ते देणारे माझे वडील होते.

वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, मंडळीतल्या गटबाजीविरुद्ध. शनिवारी आम्ही सगळे चटईवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो आणि आठवड्याच्या बाजारात ती वाटायचो. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर, त्यामुळे मला बराच काळ वाटायचं की छापलेलं प्रत्येक वाक्य कोणाला तरी सुनावण्यासाठीच असतं. वडिलांनी उत्तर दिलं त्या लग्नात वरपक्षाने सकाळी अचानक मोटरसायकल मागितली होती. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला आणि माझे वडील बाकावरून उठून म्हणाले, "हरकत आहे." पुढे काय झालं ते त्या भागात अजून सांगतात. पंच आत जाऊन बसले, मोटरसायकल मागे घेतली गेली, लग्न दुपारी लागलं, भात गार झाला. नवरीच्या आईने वडिलांना स्वतःच्या हाताने वाढलं.

ही गोष्ट जर्मनीतल्या येना शहरात मला भेटायच्या आधीच काकांना ठाऊक होती. ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. इथल्या एका भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मी पीएचडीसाठी आले तेव्हा पहिल्या रविवारी त्यांनी माझं आडनाव ऐकलं, गाव विचारलं आणि काकूंना हाक मारली, "अगं, हरकतवाल्यांची मुलगी आलीय." त्या दिवसापासून मी त्यांच्या घरची झाले.

महिन्यातून एकदा आमची मराठी उपासना होते, ती गावाबाहेरच्या टेकडीवरच्या एका छोट्या चर्चच्या सभागृहात. आम्ही जेमतेम वीसजण: विद्यार्थी, संशोधक, दोन-तीन कुटुंबं. मुलांना मराठीत प्रश्न विचारला की ती जर्मनमध्ये उत्तर देतात आणि चहाबरोबर मिळणाऱ्या चकल्या मात्र अस्सल मराठीत मागतात. हे सभागृह आम्हाला मिळवून दिलं कान्टोरिनने. म्हणजे चर्चच्या संगीताचं सगळं पाहणारी बाई. ऑर्गन वाजवते, गायकवृंद घेते. पन्नाशीची, आखूड पांढरे केस, हिवाळ्यातसुद्धा उघडे पाय, कारण तिच्या मते ऑर्गनचे पायपट्टे बुटांनी कळत नाहीत. तिने आमची मराठी गीतं नुसती ऐकून बसवली. काका नगरला चर्चमध्ये पेटी वाजवायचे हे कळल्यावर तिने त्यांना ऑर्गनसमोर बसवलं. निवृत्तीनंतर शिष्य झालेला हा माणूस दर गुरुवारी तिच्याकडे जायचा आणि घरी येऊन काकूंकडे तक्रार करायचा की मास्तरीणबाईंनी आज पुन्हा पायांवरून बोलणी ऐकवली. "मास्तरीणबाई" हा शब्द तिला इतका आवडला की ती स्वतःच फोनवर "मास्तरीणबाई बोलतेय" म्हणायची.

गेल्या वसंतात एका उपासनेनंतर ती चहाला थांबली आणि म्हणाली की ती लग्न करतेय. तिची जोडीदार वृद्धाश्रमात परिचारिका आहे, आम्ही सगळे तिला ओळखत होतो. आमच्या नाताळात आलुबुखाराचा केक तीच आणायची. या देशात दोन बायकांना लग्नाचा हक्क मिळून काही वर्षं झाली, पण त्या दोघींनी घाई केली नव्हती. आता श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीत, शुक्रवारी लग्न लागणार आणि शनिवारी चर्चमध्ये आशीर्वाद. मग ती काकांकडे वळली. स्वतःच्या लग्नात ती स्वतः वाजवू शकणार नव्हती. "तुम्ही वाजवाल?"

काकांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं की कळवतो.

काका "कळवतो" म्हणाले की ते नाही असतं, हे आम्हाला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. ती आनंदाने घरी गेली.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मी पत्रक लिहिलं. चार पानी, मराठीत, विभागाच्या यंत्रावर छापलेलं, स्वतः घड्या घातलेलं. त्यात मी म्हटलं की कायद्याचं लग्न राज्याचं असतं आणि राज्यात फक्त आपण राहत नाही. आपण ख्रिस्ती लोक आपल्या देशात थोडे आहोत, आपल्या लग्नांना वेगळा कायदा आहे, आणि बहुसंख्यांनी उद्या म्हटलं की तुमची लग्नं आम्हाला पटत नाहीत, तर आपण कोणत्या तोंडाने दाद मागणार? पुढे लिहिलं की नीती म्हणजे निष्ठा, सत्य आणि आजारपणात सोबत. आणि या दोघींनी ती कागदाशिवाय इतकी वर्षं पाळली, आपल्यातल्या कित्येकांनी कागद असून पाळली नाही. यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही.

पुढच्या उपासनेला पत्रक प्रत्येक खुर्चीवर होतं. काकांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन छान आहे."

मी म्हटलं, मुद्द्यांचं बोला.

"तुझे वडील दारूविरुद्ध पत्रकं वाटायचे. वाचून कोणी सुटला का?"

"दोघं सुटले."

"मग मला तिसरा धरू नकोस."

काकू मधे पडल्या. त्यांचं म्हणणं, देवाचा निवाडा चहा गार होईपर्यंत होणार नाही, तर आधी चहा घ्या. पण रात्रीच्या जेवणाला त्यांच्या घरी तोच वाद पुन्हा झाला. काकांची बाजू सरळ होती. राज्याने काय नोंदवावं ते राज्याने ठरवावं, त्याबद्दल त्यांना भांडायचं नव्हतं. त्यांच्या मते त्या दोघींना दवाखान्यात, घरात, पेन्शनमध्ये सगळे हक्क मिळायलाच हवेत. पण देवापुढचा विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष, असं ते शास्त्रातून शिकले होते, आणि ते शिकणं गुरुवारच्या शिकवणीसाठी मोडायचं नव्हतं. मी म्हटलं, प्रेमापेक्षा तुमचा नियम मोठा का? ते म्हणाले, नियम मोठा नाही, मी लहान आहे. यावर मी आवाज चढवला.

त्यानंतर काका गुरुवारी जायचे थांबले. गुडघा दुखतो म्हणाले. कान्टोरिनने मलम पाठवलं. काकूंनी मला फोन करून सांगितलं की गुडघा ठणठणीत आहे, दुखतंय दुसरंच. पेटीसुद्धा कपाटातून काढलेली नाही. "तू ये आणि भांडू नकोस. नुसती ये."

आम्ही रविवारी दुपारी इथल्या 'झाले' नावाच्या नदीच्या काठाने चालायला गेलो. काकू पुढे, बदकांकडे बघत. मी पत्रक घरी ठेवलं होतं. खूप वेळ झाल्यावर मी फक्त एवढंच विचारलं की काका, त्या दिवशी नेमकं काय होईल अशी भीती वाटते?

ते थांबले. मग म्हणाले, "तो प्रश्न विचारतील ना."

मला कळेना, कोणता प्रश्न.

"तुझ्या वडिलांचा. हरकत असेल तर उठा. मी ऑर्गनपाशी बसलेला असणार. मला विचारलं तर देवापुढे गप्प कसा राहू? आणि उठलो तर तिचं लग्न मोडतं. माझ्या मास्तरीणबाईंचं." ते नदीकडे बघत होते. "तो प्रश्न खरा असतो हे मला तुझ्याच वडिलांमुळे कळलं. त्याआधी मीसुद्धा खोकायचो."

पंचवीस वर्षं जर्मनीत राहून या माणसाने इथलं एकही लग्न चर्चमध्ये पाहिलेलं नव्हतं. कारखान्यातले सहकारी बहुतेक चर्चला न जाणारे, आमची मराठी लग्नं सगळी नगरला किंवा पुण्याला. त्यामुळे त्यांच्या डोक्यात प्रत्येक चर्चमध्ये तोच पंखा होता आणि तेच पान. मला पक्कं माहीत नव्हतं, पण अंदाज होता की इथे तो प्रश्न विचारत नसावेत. हरकती, कागदपत्रं, आधीची लग्नं, सगळं श्टांडेसआम्टवाले आधीच तपासतात. मी तसं म्हटलं. काकांनी मान हलवली. त्यांना अंदाज नको होता. त्यांनी मला गुरुवारी सोबत चलायला सांगितलं.

"माझ्याकडे ऑफिसचं जर्मन आहे," ते म्हणाले, "देवाचं नाही. तू सांग. आणि जसं आहे तसं सांग हं, गोड करू नकोस."

गुरुवारी आम्ही तिघं ऑर्गनच्या माडीवर बसलो. काका मराठीत बोलत होते, मी जर्मनमध्ये. गोड करण्याचा मोह किती झाला ते काय सांगू. एका क्रियापदात सगळं मऊ करता आलं असतं. मी केलं नाही. मी तिला सांगितलं की हे म्हणतात, तुमच्या विवाहाला चर्चमध्ये विवाह म्हणणं माझ्या श्रद्धेत बसत नाही, आणि तो प्रश्न विचारला गेला तर मी खोटं बोलू शकणार नाही, आणि तुम्हाला दुखवूही शकणार नाही, म्हणून इतके दिवस लपून बसलो.

तिने आधी विचारलं, कोणता प्रश्न? मी समजावलं. ती म्हणाली की तसं काही नसतं. पाळकबाई त्या दोघींना विचारतात आणि मग मंडळी प्रार्थना करते, बस. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

पण तिने तेवढ्यावर सोडलं नाही. "आणि विचारला असता तर?"

"तर मी आलोच नसतो," काका स्वतः जर्मनमध्ये म्हणाले.

तिचे डोळे भरले. ते मी पाहिलं आणि मला काकांचा राग आला, अजूनही थोडा येतो. मग तिने एक जुनी गोष्ट सांगितली. ती शाळेत असताना, पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट राजवटीत, मुलांकडून एका समारंभात राज्याशी निष्ठेची शपथ घेतली जायची. तिच्या घरच्यांनी तिला पाठवलं नाही, कारण ते चर्चचे होते. तिला पुढे विद्यापीठात जागा मिळाली नाही. तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांना ते पटलेलं नव्हतं.

"मला माझ्या लग्नात तसं हो म्हणणारा माणूस नको," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत. दुखलं. पण तुम्ही काय वाजवू शकता ते सांगा, काय नाही ते कळलं."

काकांनी खूप विचार केला. गीतं वाजवीन, म्हणाले. देवाची स्तुती मी कुठल्याही रविवारी वाजवतो, आणि आशीर्वाद मागायला आलेल्या माणसांसाठी ती न वाजवणारा मी कोण? नवरा-नवरी बाहेर पडतानाचा तो मार्च मात्र वाजवणार नाही.

मी भाषांतर केलं. कान्टोरिनने नाक पुसलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. तो मार्च मला कधीच आवडला नाही. त्याऐवजी घंटा वाजवू." आणि मग, काकांच्या बुटांकडे बोट दाखवून, "काढा ते. इतके दिवस सराव नाही, पाय दगड झाले असतील."

लग्नाच्या शनिवारी काका निळा सूट घालून मोज्यांवर ऑर्गनपाशी बसले. तिसऱ्या गीताला त्यांचा डावा पाय चुकला आणि खालून एक असा सूर निघाला की नवरी झालेल्या कान्टोरिननेच मागे वळून वर पाहिलं आणि भुवया उडवल्या. काका लाल झाले. दोघींनी एकमेकींना वचनं दिली तेव्हा ऑर्गन शांत होता आणि कोणी काही विचारलं नाही. मी माडीवर पानं उलटायला होते. काकांनी डोळे मिटून हात जोडले होते. ते काय मागत होते हे मी विचारलेलं नाही. मग घंटा सुरू झाल्या आणि त्या दोघी बाहेर पडल्या.

जेवणात आलुबुखाराच्या केकशेजारी काकूंच्या करंज्या होत्या. काकांचं मत बदललं नाही, माझंही नाही. मी अजून म्हणते की त्या दिवशी देवापुढे विवाहच झाला आणि आमच्या मंडळीने एक दिवस त्याला तसं म्हणावं. त्यासाठी मी आणखी पत्रकं लिहीन. काका म्हणतात, लिही, आधी मला दाखव, विरामचिन्हं मी बघतो. गुरुवारी ते पुन्हा जातात आणि बोलणी खाऊन येतात.

पण एक मी करते आता, आणि तुम्हीही करावं अशी विनंती आहे. या विषयावर तुमच्या घरात किंवा मंडळीत ज्याच्याशी तुमचं पटत नाही, अशा एकाच माणसाला निवडा. या रविवारी उपासनेनंतर त्याच्याबरोबर चालायला जा. मुद्दे घरी ठेवा. त्याला विचारा की नेमकी कोणत्या क्षणाची भीती वाटते. आणि तो जे सांगेल ते ज्याच्या लग्नाबद्दल सांगत असेल, त्याच्यापर्यंत गोड न करता पोचवा, सांगणाऱ्याच्या शेजारी बसून.